दुकानाचे पैसे फोनवरून जाऊ नयेत म्हणून आधीच काय करून ठेवायचं

मी बेळगावात वीसेक जणांचं टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) आणि जीएसटी बघतो. खडेबाजारातली भांड्यांची दुकानं, शहापूरचे दोन साडीवाले, उद्यमबागेत एक-दोन मशिनवर जॉबवर्क करणारी पोरं, निपाणीचा एक तंबाखूवाला, असे सगळे. गेल्या तीन वर्षांत यातल्या पाच जणांचे पैसे गेले, आणि पाचातल्या एकाचाही बँकेचा पासवर्ड कुणी फोडला नव्हता. पैसे ज्यांनी त्यांनी आपल्याच अंगठ्यानं पाठवले, तेही बहुतेक दुपारी बारा ते दोनच्या मधे, म्हणजे काउंटरवर गिऱ्हाईक उभं, कामगार जेवायला गेलेला आणि कानाला फोन. म्हणून मी आता कुणाला "सावध राहा" असं सांगत बसत नाही, घाईत माणूस सावध नसतोयच. घाईत चूक झाली तरी थोडक्यात निभावेल अशी मांडणी आधीच करून ठेवायची, ती कशी ते सांगतो.

पण आधी भांडेवाल्या मामांचं ऐका. फोन आला, समोरचा हिंदीत, "कॅम्प से बोल रहा हूँ", मेससाठी स्टीलच्या 40 बादल्या आणि 12 पातेली पाहिजेत. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर, आपली पोरं पहाटे उठून भरतीसाठी पळतात, त्यामुळं लष्कर म्हटलं की आपण निम्मे उठून उभेच राहतो. व्हॉट्सॲपवर आयकार्डाचा फोटो आला, कँटीन कार्डाचा आला, युनिफॉर्ममधला आला. भाव मात्र एकदाही केला नाही, आणि खडेबाजारात भाव न करणारं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचंय, मामांना तिथंच शंका यायला पाहिजे होती. मग म्हणाला पेमेंट आर्मीच्या सिस्टीमनं होतंय, आधी तुम्ही 1 रुपया पाठवा, उलट 2 येतील, म्हणजे खातं व्हेरिफाय होईल. मामांनी 1 पाठवला, खरंच 2 आले. मग क्यूआर आला, "ये स्कॅन करो, 24,600 आ जाएगा." स्कॅन केला, पिन टाकला. "अटक गया, फिर से करो." परत टाकला. 49,200 गेले आणि मामा मला फोन करून विचारूलालेत, "अरे, पैसे आलेले दिसेनात कसे?"

तर यूपीआयचं एवढं एक डोक्यात ठोकून घ्या: पिन लागतो तो पैसे पाठवायला, नाहीतर बॅलन्स बघायला. पैसे यायला पिन नाही, स्कॅन नाही, कसलं ओके नाही. आपला क्यूआर दुसरा स्कॅन करतो, आपण दुसऱ्याचा स्कॅन केला की आपण देणारे झालो. आणि ऑर्डर कुणाचीही असो, फोनवरच्या नव्या गिऱ्हाइकाला एकच उत्तर द्यायचं, दुकानात या किंवा तुमच्या गेटवर माल आणतो, तिथं पैसे द्या. खरा असेल तर "बरं" म्हणतो, खोटा असेल तर फोनच ठेवतो.

आता मांडणी. सगळ्यात मोठं काम म्हणजे खाती दोन करा. एक गल्ल्याचं खातं, त्यालाच क्यूआर, त्यालाच पैसे आले की बोलणारा साउंडबॉक्स, त्यालाच फोनमधलं यूपीआय. दुसरं मालाचं खातं, त्यात जीएसटीचे, माल देणाऱ्या पार्टीला द्यायचे, पगाराचे पैसे, आणि या खात्याला यूपीआय लावायचंच नाही, डेबिट कार्ड घ्यायचं नाही, घेतलं असेल तर ऑनलाइन आणि इंटरनॅशनल व्यवहार बंद करून टाकायचे. 2020 च्या ऑक्टोबरपासून आरबीआयनं सगळ्या बँकांना कार्डाचं हे बटण द्यायला लावलंय, बँकेच्या ॲपमध्येच असतंय. रात्री दुकान बंद करताना गल्ल्याच्या खात्यातली रक्कम मालाच्या खात्यात टाकायची, गल्ल्यात पाच-दहा हजार ठेवायचे. मग दुपारी दीड वाजता तुमचा अंगठा चुकला तरी जाणार ते त्या दिवसाचं कलेक्शन, महिन्याचं भांडवल नाही.

मालाच्या खात्याचा मोबाइल नंबर पण वेगळा, आणि ते सिम साध्या बटणाच्या फोनमध्ये. हसू नका, हजार-दीड हजाराचा फोन आहे पण याच्याएवढी स्वस्त तिजोरी मी बघितली नाही. त्यात ॲप चढत नाही, लिंक उघडत नाही, ओटीपी येतो तो फक्त त्या छोट्या स्क्रीनवर. शहापूरच्या एका साडीवाल्यानं तो फोन घरी ठेवलाय, मोठं पेमेंट असलं की वैनींना फोन करून ओटीपी विचारतो, आणि वैनी आधी विचारतात, "कुणाला, किती आणि कशाला?" नवरा वैतागतो, पण त्या तीन प्रश्नांची किंमत लाखात आहे. (सिम रिचार्जवर जिवंत ठेवा तेवढं, नाहीतर नंबर बंद पडून दुसऱ्याच माणसाला जाईल.)

खातं कुठं काढायचं यावर एक आडवी गोष्ट. आपल्याकडं गल्लोगल्ली सौहार्द सोसायट्या, म्हणजे सहकारी पतसंस्था आहेत, रोजची बचत घ्यायला पिग्मीवाला दारात येतो, ओळखीतले लोक, व्याज बरं. मी काही त्यांच्या विरोधात नाही, माझी पण पिग्मी आहे. पण बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विम्याचं कवच आहे ते सोसायटीच्या ठेवीला नाही, आणि काही बिघडलं तर आरबीआयच्या ओम्बड्समनकडं, म्हणजे बँकेविरुद्धची तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडंही जाता येत नाही. धंद्याची मोठी रक्कम बँकेत असू दे, बाकी तुमची मर्जी.

दोन खात्यांचा दुसरा फायदा लोकांना अंगावर आल्याशिवाय कळत नाही. समजा कुणाचे तरी तिकडं दुसऱ्या राज्यात पैसे चोरले गेले, ते फिरत फिरत तुमच्या क्यूआरवर आले, चोरानं तुमच्याकडून मिक्सर घेतला आणि गेला. ज्याचे गेले त्यानं तक्रार केली की पोलीस त्या पैशाच्या वाटेवरची खाती रोखायला लावतात, त्यात तुमचंही येतं. कधी तेवढीच रक्कम अडकते, कधी खातंच फ्रीझ. गल्ल्याचं खातं अडकलं तर धंदा चालू राहतो, एकच खातं असलं तर पगार कुठून देणार? असं झालं तर भांडत बसायच्या आधी बँकेकडून लेखी घ्या, कुठल्या राज्याच्या पोलिसांचं पत्र, तक्रार नंबर काय, रक्कम किती, आणि त्या दिवसाचं बिल, कॅमेऱ्याचं फुटेज जोडून त्यांना मेल करा. म्हणून 500 च्या वरचं बिल फाडायची सवय ठेवा आणि कॅमेऱ्याचं फुटेज महिनाभर तरी राहील एवढी हार्डडिस्क घाला. आणि एक धंदा आजच बंद करा, "अण्णा, 5,000 जीपे करतो, कॅश द्या की, एटीएम बंद आहे." अनोळखी माणसाला अशी कॅश देणं म्हणजे चोराचं एटीएम होणं, नंतर खातं अडकणार ते तुमचं.

काउंटरवरचं पटकन सांगतो. स्क्रीनशॉट म्हणजे पेमेंट नव्हे, हिरवी टिक दाखवणारी खोटी ॲप मिळतात. साउंडबॉक्स बोलला किंवा आपल्या ॲपमध्ये एंट्री दिसली तरच माल हातातून सोडायचा, आणि गणपतीच्या गर्दीत साउंडबॉक्स ऐकू येत नसेल तर एक पोरगं फक्त ॲप बघायला बसवा. रोज सकाळी शटर उघडलं की आपलाच क्यूआर आपल्या फोननं स्कॅन करून नाव बघायचं, वरून दुसऱ्याचा स्टिकर चिकटवून जाणारे आहेत, गाडेवाल्यांनी तर हे नक्की करा. कामगाराला तुमचा पिन कधीच द्यायचा नाही, काही मर्चंट ॲपमध्ये आलेले पैसे नुसते बघता येतील असं वेगळं लॉगिन निघतं, ते काढून द्या.

आता फोन. इथं माझीच फजिती सांगतो. मावसभावाच्या नंबरवरून व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली, लग्नसराईचे दिवस, बघितली उघडून. ती पत्रिका नव्हती, शेवटी डॉट एपीके होतं, म्हणजे ॲप. उघडताना फोननं विचारलं, मेसेज वाचायची परवानगी देऊ काय, मी दिली. बस एवढंच काम असतंय त्यांचं, त्यानंतर तुमचे ओटीपी तुमच्या आधी त्यांना दिसतात. माझे 6,200 गेले आणि वर माझ्या नंबरवरून सगळ्या पाहुण्यांना तीच पत्रिका गेली, दोन दिवस फोनवर माफी मागत होतो. भावाचाही फोन असाच गेलेला होता. तेव्हा ओळखीच्या नंबरवरून आली तरी डॉट एपीके फाइल उघडायची नाही, मग ती पत्रिका असो, आरटीओचं चलन असो नाहीतर पीएम किसान असो. उघडलीच तर पहिल्यांदा डेटा आणि वायफाय बंद, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, मग त्या ॲपला काढा, निघत नसेल तर फोन पूर्ण रीसेट.

हेस्कॉमच्या, म्हणजे आपल्या वीज कंपनीच्या नावानं येतो तो मेसेज तर सगळ्यांना पाठ असेल, बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला लाइट तोडणार, या ऑफिसरला फोन करा. तोडायला लाइनमन येतोय की ओ, मेसेज करून कधी कुणी तोडलाय? तरी पिठाच्या गिरणीवाला घाबरतो, कारण त्याची मोटार बंद म्हणजे धंदा बंद. तसंच गूगलवर बँकेचा कस्टमर केअर शोधायचा नाही, तिथं चोरांनी आपले नंबर लावून ठेवलेले असतात, पासबुकावरचा किंवा कार्डामागचा नंबर वापरा. बँकांचे व्यवहाराचे खरे फोन आता 1600 नं सुरू होणाऱ्या नंबरवरून यायला लागलेत, आणि बँकांच्या वेबसाइट डॉट बँक डॉट इन वर गेल्यात, हे दोन्ही आरबीआयनं ठरवून दिलंय. दहा आकडी साध्या मोबाइलवरून "केवायसी संपली" म्हणणारा बँकेचा नव्हे. पूर्वी मी सांगायचो की आपल्या ब्रँचचा साहेब कन्नडमध्ये नाहीतर मोडक्या मराठीत बोलतो, हिंदी आली की समजा चोर. आता ते पण राहिलं नाही, परवा एकाला अस्सल मराठीत फोन आला. "तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय, व्हिडिओ कॉल बंद करू नका" असं कुणी म्हणालं तर, असली अटक कायद्यात नाहीच.

फोनचं नेटवर्क अचानक गेलं आणि शेजाऱ्याचं चालू आहे, तर "टॉवर गेला असेल" म्हणून झोपू नका. कुणीतरी तुमच्या नावावर दुसरं सिम काढलेलं असू शकतं. लगेच दुसऱ्या फोनवरून कंपनीला आणि बँकेला विचारा. तुमच्या नावावर किती सिम आहेत ते सरकारच्या संचार साथी पोर्टलवर दिसतं, एकदा बघून घ्या, माझ्या एका गिऱ्हाइकाच्या नावावर त्याला माहीत नसलेली दोन निघाली. कुणी कुरियरवाला म्हणून एखादा स्टार-हॅशचा कोड डायल करायला लावला असेल तर कॉल दुसरीकडं वळवलेले असू शकतात, ##002# दाबा, सगळं वळवणं रद्द होतं. व्हॉट्सॲपला आणि जीमेलला टू स्टेप, म्हणजे दुहेरी कुलूप लावा, दहा मिनिटांचं काम.

अंगठ्याचं वेगळं प्रकरण. 2023 मध्ये आपल्या कर्नाटकात खरेदीखतावरचे अंगठ्याचे ठसे काढून आधारवरून पैसे उचलल्याच्या तक्रारी आल्या होत्या, त्यात ना ओटीपी येतो ना फोन. जागेचा, शेताचा दस्त केलेला असेल तर एमआधार ॲपमध्ये जाऊन बायोमेट्रिक लॉक करून टाका, रेशन-बिशनला लागला तर थोडा वेळ उघडायचा.

उद्यमबागेतल्या पोरांसाठी खास हे, कारण तुमचे जातात ते मोठे जातात. एका वर्कशॉपनं बाहेरून बार मटेरियल मागवलं होतं, नेहमीची पार्टी, मेलवर पीआय, म्हणजे प्रोफॉर्मा बिल यायचं, आरटीजीएसनं पैसे जायचे. एकदा मेल आला, आमच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, या वेळी या दुसऱ्या खात्यावर टाका. तोच लोगो, तीच सही, मागचा सगळा पत्रव्यवहार खाली तसाच. 3 लाख 80 हजार टाकले. चार दिवसांनी खऱ्या पार्टीचा फोन, "साहेब पेमेंट?" मी दोन्ही मेल शेजारी शेजारी ठेवून बघितले तेव्हा दिसलं, पत्त्यात एम च्या जागी आर आणि एन चिकटून लिहिले होते. चष्मा लावून दोनदा बघितल्यावर दिसलं, मोबाइलवर तर दिसणारच नाही. कुणीतरी दोघांपैकी एकाचा मेल महिनाभर नुसता वाचत बसला होता आणि बरोबर पेमेंटच्या आठवड्यात मधे घुसला.

यावर औषध एकच आणि फुकटचं. खाते नंबर बदलल्याचा मेल आला की त्या मेलमधल्या नंबरवर नाही, तुमच्या जुन्या डायरीतल्या नंबरवर फोन करायचा आणि आवाज ओळखायचा. मगच ते खातं नेटबँकिंगला जोडायचं, म्हणजे बेनिफिशरी ॲड. 1 एप्रिल 2025 पासून एनईएफटी-आरटीजीएसला खातं टाकलं की ते कुणाच्या नावावर आहे ते दिसायची सोय आलीय, ते नाव आणि बिलावरचं नाव अक्षराला अक्षर जुळवा. आयएफएससीवरून ब्रँच कुठली ते बघा, इचलकरंजीच्या पार्टीचं खातं अचानक कुठल्या लांबच्या गावात कसं निघेल? नवी पार्टी असेल तर जीएसटी नंबर पोर्टलवर टाका, आपला 29 नं सुरू होतो, कोल्हापूर-इचलकरंजीचा 27 नं, बिलावर पत्ता तिकडचा आणि नंबर भलत्याच आकड्यानं सुरू होत असेल तर तिथंच थांबा. पहिल्यांदा 1 रुपया टाकून पोचला काय विचारा, मग बाकीचे. आणि बँकेत जाऊन नेटबँकिंगला दोन युजर मागून घ्या, एक भरणारा, दुसरा मंजूर करणारा. बापानं भरायचं, पोरानं मंजूर करायचं, किंवा उलटं. भागीदारीत तर हे पाहिजेच, आणि त्यानं भांडणं पण कमी होतात असा माझा अनुभव.

चेकचं थोडक्यात. सही केलेला कोरा चेक ड्रॉवरमध्ये ठेवायचा नाही, आणि 50,000 च्या वरचा चेक दिला की बँकेच्या ॲपवर पॉझिटिव्ह पे मध्ये नंबर, नाव, रक्कम टाकायची, मग खाडाखोड करून कुणी वटवू शकत नाही.

टॅलीचा कॉम्प्युटर. रॅन्समवेअर शिरला की सगळ्या फाइलींना कुलूप लागतं आणि स्क्रीनवर पैशाची चिठ्ठी येते, आणि मार्चमध्ये आला तर उधारीची यादीच गेली म्हणजे कुणाकडून किती यायचे तेच माहीत नाही, गिऱ्हाईक काय स्वतःहून सांगणार आहे? दोन हार्डडिस्क घ्या, शनिवारी आलटून पालटून बॅकअप, आणि बॅकअप झाला की डिस्क काढून ठेवायची, लावलेलीच राहिली तर तिलाही कुलूप लागतं. एक डिस्क घरी. दोन-तीन महिन्यांतून एकदा बॅकअप दुसऱ्या मशिनवर उघडून बघा, एकाकडं दोन वर्षांचे बॅकअप रिकामे निघाले होते. टॅली दुरुस्त करायला एनीडेस्कवरून, म्हणजे लांबून तुमचा कॉम्प्युटर चालवायच्या ॲपवरून कुणी आला तर काम झाल्यावर ते ॲप काढून टाका, कायमचा पासवर्ड देऊन ठेवू नका, मी असलो तरी. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर नको, आणि विंडोज 7 वर नेटबँकिंग तर अजिबात नको, त्याचे अपडेट 2020 मध्येच बंद झालेत, विंडोज 10 चे पण ऑक्टोबर 2025 मध्ये संपले. जीएसटीची नोटीस मेलवर आली तर लिंक दाबायची नाही, पोर्टलवर आपल्या लॉगिननं जाऊन बघायचं, तिथं नसेल तर मला फोन करा.

एवढं करूनही गेलेच तर. एक कागद गल्ल्याजवळ आजच चिकटवा, त्यावर बँकेचा ब्लॉक करायचा नंबर, खात्याचे शेवटचे चार आकडे आणि मोठ्या अक्षरात 1930, हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर. पैसे गेले की पहिला फोन बँकेला, खातं बंद करा म्हणून, दुसरा 1930 ला, दोन्ही मिळून दहा मिनिटांत. लाजून कुणाला सांगत नाही आणि संध्याकाळ करतो, त्यात जातात पैसे. चोराच्या पहिल्या खात्यातून ते पाच-सहा भाड्याच्या खात्यांत फिरतात आणि शेवटी कुणीतरी एटीएममधून काढतो, काढायच्या आधी मधल्या कुठल्या तरी बँकेनं अडवले तरच मिळतात. 1930 वाला विचारणार ते हाताशी ठेवा, किती वाजता, किती, कुठल्या खात्यातून, आणि यूपीआयचा 12 आकडी नंबर. तक्रार नंबर मिळेल, तो घेऊन त्याच दिवशी सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन वर बाकीचं भरा, स्क्रीनशॉट जोडा. व्हॉट्सॲप चॅट डिलीट करू नका, राग आला तरी.

मामांनी मला सव्वा दोनला फोन केला, अडीचला 1930 लागला, दुसरे 24,600 मधे अडकले, पहिले गेले. अडकलेले हातात यायला कोर्टाचा आदेश लागला आणि आठ महिने गेले.

बँकेला लेखी द्या आणि पोच घ्या, तारीख-वेळ घालून. आरबीआयचा 2017 चा नियम असा आहे की चूक तुमचीही नाही बँकेचीही नाही आणि तुम्ही मेसेज आल्यापासून 3 कामाच्या दिवसांत कळवलं, तर तुमच्यावर भुर्दंड शून्य. पिन, ओटीपी तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून ती वेळ कागदावर पाहिजे. बँकेनं 30 दिवसांत धड उत्तर दिलं नाही तर आरबीआयचा ओम्बड्समन आहे, 14448 वर विचारा.

पोलिसात जायचं तर आपल्याकडं सायबरसाठी सीईएन ठाणं आहे. खातं कोल्हापूरच्या ब्रँचचं आणि दुकान बेळगावात, म्हणून कुणी "तिकडं जा" म्हणालं तर जायची गरज नाही, जुलै 2024 पासूनच्या नव्या कायद्यात हद्द कुठलीही असली तरी तक्रार नोंदवून घ्यायला लागते, झिरो एफआयआर म्हणायचं. एफआयआर कन्नडमध्ये लिहिली जाते, वाचता येत नसेल तर सही करायच्या आधी वाचून दाखवायला लावा, रक्कम आणि वेळ बरोबर आहे काय बघा. वाचून दाखवणं आणि एक कॉपी फुकट देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. मी कन्नड येणारं शेजारचं पोरगं बरोबर नेतो, कामं लवकर होतात.

आणि आठवड्याभरात एक फोन येईल, सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, फक्त फाइल चार्ज 1,999 भरा. मामांना दोनदा आला. दुसऱ्या वेळी त्यांनी सांगितलं, दुकानात येऊन घेऊन जा.